रिक्थ आणि ऋण: सनदी नोकरांच्या निवृत्तिवेतनाच्या प्रश्नाचें परीक्षण

जुनीं दफ्तरें चाळणारांस वर्षासनांच्या सनदा पुष्कळ आढळतात. राज्य पालटलें कीं सनदेचा धनी नव्या सरकारच्या दारीं उभा राहतो, आणि पूर्वीच्या राज्यकर्त्याचा शब्द नव्यानें पाळावा कीं नाहीं हा वाद सुरू होतो. १९४७ सालीं हाच वाद इंग्रज सरकारच्या सनदी नोकरांविषयीं उपस्थित झाला. त्यांचें निवृत्तिवेतन कोणीं द्यावयाचें? यासंबंधानें दोन मतें रूढ आहेत. हा बोजा स्वतंत्र हिंदुस्थानावर लादलेला अन्याय होता, हें एक. आणि १९७२ सालीं संसदेनें तो अन्याय निवारिला, हें दुसरें. मूळ लेखांशीं ताडून पाहतां दोन्ही मतें जशींच्या तशीं टिकत नाहींत.

पूर्वपक्ष दुर्बळ आहे असें मात्र कोणी समजूं नये. नाशिककरांस तर तो न सांगतां कळतो. बाबाराव सावरकरांस १९०९ सालीं काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती येथील खटल्यांत. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं कलेक्टर जॅक्सन यांचा येथेंच वध झाला, आणि १९१० सालीं तीन तरुण ठाण्यास फांसावर गेले. ज्या सेवेच्या बळावर हें राज्य चाललें तिच्या वार्धक्याची तरतूद येथील रयतेच्या साऱ्यांतून कां व्हावी, असें कोणीं विचारिलें तर त्यास उडवून लावतां येणार नाहीं.

आतां साधनांकडे वळूं. १९४७ च्या हिंदुस्थान स्वातंत्र्याच्या कायद्याचें दहावें कलम असें कीं, भारतमंत्र्यानें नेमलेले जे नोकर नव्या सरकारांच्या सेवेंत राहतील त्यांस वेतन, रजा व निवृत्तिवेतन यांच्या पूर्वीच्याच अटी लागू राहाव्या. राज्यघटनेच्या ३१४ व्या कलमानें हेंच अभिवचन पुढें चालविलें. १० ऑक्टोबर १९४९ रोजीं घटनासमितींत त्यावर कडाक्याचा वाद झाला. अनंतशयनम् अय्यंगार यांनीं विरोध केला. सरदार वल्लभभाईंनीं, दिलेला शब्द पाळला पाहिजे, या भूमिकेवरून समर्थन केलें.

इंग्लंडांतील निवृत्तांचा हिशेब निराळा. युद्धकाळांत लंडनला आपली मोठी पौंडी शिल्लक सांचली होती. १९४८ च्या करारानें तिच्यांतून मध्यवर्ती सरकारच्या निवृत्तांसाठीं १४ कोटी ७५ लक्ष व प्रांतिक निवृत्तांसाठीं २ कोटी ५ लक्ष, मिळून १६ कोटी ८० लक्ष पौंड एकरकमी देण्यांत आले, आणि त्या बदल्यांत वर्षानुवर्षें उतरत जाणारी वार्षिकी विकत घेतली गेली. पुढें १९५५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून या पौंडी निवृत्तिवेतनांची जबाबदारी आपणांकडे घेतली.

पहिल्या मताचा दोष येथें दिसतो. इंग्लंडांतील पेन्शनर आणि स्वातंत्र्यानंतरहि चाकरींत राहिलेले हिंदी अधिकारी यांचीं प्रकरणें, दोन पोथ्यांचीं पानें एका बासनांत मिसळावीं तशीं, त्यांत मिसळलीं आहेत. मेघदूत मराठींत आणणारे व पुढें अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हेहि त्याच सनदी सेवेंतले होते, हें विसरूं नये.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या ऋणादानप्रकरणाचें तात्पर्य असें कीं, जो रिक्थ घेतो त्यानें ऋणहि फेडावें. परंतु मद्य, काम, द्यूत यांपायीं झालेलें किंवा वृथादानाचें पैतृक ऋण पुत्रानें फेडूं नये. खजिना, आगगाड्या, कालवे व कचेऱ्या हें रिक्थ आपण घेतलें. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, निवृत्तिवेतन हें वृथादान कीं भृति? सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या व १९८२ सालीं नाकरा यांच्या खटल्यांत तें कृपादान नसून हक्क आहे असें ठरविलें. राज्य अन्यायाचें होतें म्हणून त्याच्या नोकराची भृति द्यूतऋण ठरत नाहीं. अन्यायाचा जाब निराळा मागावा. तो कारकुनी हिशेबांत वळता करूं नये.

दुसरें मत अधिक बारकाईनें तपासावें लागतें. १९७२ च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीनें ३१४ वें कलम रद्द झालें, आणि ३१२-अ या नव्या कलमानें वेतन, रजा व निवृत्तिवेतन यांच्या अटी बदलण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार संसदेस मिळाला. त्याच वर्षींच्या कायद्यानें पौंडांच्या हिशेबानें निवृत्तिवेतन मागण्याची वाट बंद केली. एवढा भाग समर्थनीय आहे. सनदी नोकराची वार्षिकी एक हजार पौंडांची. जुन्या दरानें तिचे सुमारें १३,३३३ रुपये होत. जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर तितक्याच पौंडांचे २१,००० रुपये होऊं लागले. ही वाढ कोणाच्याहि सेवेचें फळ नव्हती.

आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणीं आहे. नवें कलम पूर्वींच निवृत्त झालेल्यांसहि लागू केलें. समतेचा हेतु चांगला असेल. पण ज्यानें आपल्या वांट्याची सेवा पुरी केली त्याच्याशीं झालेला करार मागाहून एकपक्षीं बदलतां येतो, हें तत्त्व त्याबरोबर घटनेंत शिरलें. १८१८ सालीं माल्कमनें बाजीरावांस सालीना आठ लक्षांची नेमणूक कबूल केली. १८५१ सालीं ते वारल्यावर कंपनीनें लेखाचा संकुचित अर्थ करून नानासाहेबांस ती नाकारिली, म्हणून आपण तिला दोष देतों, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्याच्या नांवें लेख होता त्याच्या हयातींत कंपनीनेंहि नेमणूक चालू ठेविली. तिच्या कृपणतेवर टीका करणारांनीं १९७२ चें कृत्य त्याच तराजूंत घालून पाहावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पेशवाईंतील सनदा आपण रेशमी बासनांत जपतों; १९४७ च्या आगेमागे सेवेंतून उतरलेल्यांचे निवृत्तिवेतनाचे हुकूम, नोकरीचीं पुस्तकें व सरकारशीं झालेला पत्रव्यवहार मात्र घरोघरीं रद्दींत जात आहे. असे कागद हातीं आल्यास जतन करावे, निदान नकलून घ्यावे. कायद्याची अक्षरें छापील ग्रंथांत मिळतात. दिलेला शब्द प्रत्यक्ष कसा पाळला गेला, हें या कागदांवरूनच ठरणार आहे.

पंचवटी, नाशिक