तारे बघू नका, भात बघा

टोकियोत चांगली सुशी कुठे मिळेल, असं कुणी विचारलं की मी पत्ता देत नाही, डेव्हिड गेल्बचा ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ (२०११) बघायला सांगतो. गिंझामधलं तळघर, दहा खुर्च्या, तीन मिशेलिन तारे. फिलिप ग्लासच्या संगीतावर माहितीपट या ताऱ्यांपुढे जरा जास्तच वाकतो. पण भात अंगाइतका कोमट हवा, हे दाखवताना तो खरा वाटतो.

२०१९मध्ये मिशेलिननं जिरोंचं दुकान यादीतून काढलं. कारण चव नव्हती. सर्वसामान्यांना तिथे बुकिंगच मिळत नव्हतं. म्हणजे तारे तुमच्याआमच्या सोयीचं सांगतात, जिभेचं नाही. म्हणून मी आता रेटिंग न बघता कुठल्याही गल्लीतल्या काउंटरवर बसतो. पहिल्या घासाला भात फ्रिजसारखा गार लागला, की बिल मागवतो.