दार उघडलं, बाहेर कुणीच नव्हतं : भय आणि हास्य एकत्र नांदतात तेव्हा

आज बोलायचंय ते भीती आणि हसू एकाच कथेत नांदतात त्याबद्दल. नांदतात म्हणालो खरा, पण आपल्या जुन्या साहित्यशास्त्राला हा संसार मंजूर नाही. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त कोणत्या रसाचं कोणाशी वैर याची यादीच देतो, आणि त्यात हास्याचे वैरी दोन : भयानक आणि करुण. कारण समजण्यासारखं आहे. घाबरलेला माणूस आक्रसतो, हसणारा सैल होतो. एकच मन एकाच क्षणी दोन्ही कसं करणार?

पण त्याच्याही पाचेकशे वर्षं आधी आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त या वैरावर तोडगे सांगून ठेवलेत. त्यातले दोन आपल्या कामाचे. एक, दोन विरोधी रसांचे आश्रय वेगळे ठेवा. आश्रय म्हणजे तो भाव ज्याच्या ठिकाणी असतो ती व्यक्ती. नायकाच्या ठिकाणी वीर आणि त्याच्या शत्रूच्या ठिकाणी भय असेल तर भांडण नाही, उलट एकानं दुसरा वाढतो. दोन, मध्ये तिसरा रस घाला, म्हणजे दोघांची थेट गाठ पडत नाही. हे दोन तोडगे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता जरा पश्चिमेकडे. कांटनं 1790 मध्ये हसण्याबद्दल एक गोष्ट सांगितली. मनात अपेक्षा ताणली जाते, ताणली जाते, आणि एकदम तिचं काहीच होत नाही, ती शून्य होते. या फुसकं निघण्यातून हसू येतं. म्हणजे साप म्हणून काठी उगारली आणि निघाली दोरी. (वेदान्त्यांनी ही दोरी फार वापरली, पण ते त्यावर हसले नाहीत.) आणि आपल्या काळातला अमेरिकन तत्त्वज्ञ नोएल कॅरल, त्याचा 1999 चा एक निबंध नेमका भय आणि विनोद यांच्या नात्यावर आहे. तो म्हणतो, राक्षस आणि विदूषक दोघेही आपल्या कप्प्यांत न बसणारे प्राणी. मेलेला पण चालणारा, माणूस पण पूर्ण माणूस नाही, असे. फरक एवढाच की राक्षसापासून धोका असतो. धोका काढून घ्या, तोच राक्षस हास्यास्पद होतो.

हे बरोबर आहे, पण पुरेसं नाही असं माझं मत आहे. ते का, हे मी एका गोष्टीवरून दाखवतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचली असेल : डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'माकडाचा पंजा', 1902 मधली.

हे जेकब्ज कोण होते? भयकथालेखक म्हणून आज आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या हयातीत लोक त्यांना विनोदी लेखक म्हणून ओळखत. लंडनच्या धक्क्यावर लहानपण गेलं, तिथल्या खलाशांच्या, त्यांच्या फसवाफसवीच्या गमतीदार गोष्टी लिहून नाव कमावलं. आणि मला वाटतं, 'माकडाचा पंजा' विनोदी लेखकालाच सुचू शकेल अशी गोष्ट आहे.

सुरुवात आठवा. पावसाळी रात्र, घरात बाप-लेक बुद्धिबळ खेळताहेत. म्हातारा चुकीची चाल खेळतो आणि मुलाचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून वाऱ्याबद्दल बोलायला लागतो! हा विनोदी लेखकाचा हात. मग हिंदुस्थानात नोकरी केलेला सार्जंट-मेजर येतो, एका फकिरानं मंतरलेला पंजा दाखवतो. तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या होतात म्हणे. मुलगा, हर्बर्ट, सगळ्याची थट्टा करतो. बापाला म्हणतो, सम्राट व्हायचं माग, म्हणजे बायकोचा धाक उरणार नाही. शेवटी घराचं कर्ज फिटावं म्हणून दोनशे पौंड मागायचं ठरतं, आणि बाप इच्छा उच्चारतो तेव्हा हर्बर्ट पियानोवर गंभीर सूर वाजवतो आणि आईला डोळा मारतो. पैसे काही येत नाहीत. अपेक्षा शून्य. कांटच्या हिशेबानं इथे विनोद पुरा झाला, आणि घरातली माणसं हसतातही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो. हर्बर्ट यंत्रात सापडला. तो माणूस आधी एवढंच सांगतो की त्याला फार लागलंय, पण आता त्याला वेदना नाहीत. आई देवाचे आभार मानते. आणि मग त्या वाक्याचा दुसरा अर्थ तिच्या ध्यानात येतो.

इथे थांबा जरा. हा श्लेष आहे हो! एका वाक्याचे दोन अर्थ, आधी सोयीचा लागतो, मग खरा लागतो. कोटी याच यंत्रावर चालते. आणि भरपाई किती? दोनशे पौंड. इच्छा शब्दशः पुरी झाली. बोलणाऱ्याचा हेतू सोडून शब्द तेवढा धरायचा, हा तर आपल्याकडच्या बिरबलाच्या गोष्टींपासूनचा जुना विनोदी डाव. पंजा म्हणजे एक क्रूर कोटीबाज आहे. जेकब्ज खलाशांच्या गोष्टीत जे करत तेच इथे करताहेत, फक्त या वेळी किंमत वसूल होते.

आणि शेवट. आई हट्टानं दुसरी इच्छा मागायला लावते, मुलगा परत येऊ दे. रात्री दारावर थाप पडते. ती वरच्या कडीला हात पोचत नाही म्हणून धडपडतेय, बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपतोय. त्याला माहीत आहे की यंत्रात सापडून, पुरून इतके दिवस झालेला मुलगा कसा दिसत असेल. पंजा सापडतो, तिसरी इच्छा मागतो. थाप थांबते. दार उघडतं. बाहेर रिकामा रस्ता.

बघा, अपेक्षा पार तुटेपर्यंत ताणली आणि तिचं शून्य झालं. कांटनं सांगितलेला विनोदाचा सांगाडा इथे जसाच्या तसा आहे. कॅरलच्या हिशेबानंही दारात राक्षस नाही, धोका नाही. मग आपण हसत का नाही? सुटकेचं हसू तरी यायला हवं. येत नाही, कारण दाराबाहेर जो नव्हता तो हर्बर्ट होता. काल रात्री आपण त्याच्या थट्टेला हसलो होतो. त्या हसण्यानं तो आपला झाला. जेकब्जनी पहिल्या पानांवरचा विनोद भीती सौम्य करायला घातलेला नाही. आपलं काहीतरी पणाला लावून घेण्यासाठी घातलाय.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. हसू आणि भीती यांचा सांगाडा पुष्कळदा एकच असतो. कोणतं होणार ते ठरतं आपलं तिथे कोण अडकलंय यावरून. म्हणून असं मिश्रण वाचताना मी एक प्रश्न विचारतो : हसू कुणावर पडतंय?

ऑस्कर वाइल्डची 'कँटरव्हिलचं भूत', 1887. तिथे हसू भुतावर पडतं. इंग्लंडातल्या जुन्या हवेलीत अमेरिकन कुटुंब राहायला येतं. जमिनीवर शतकांपूर्वीचा रक्ताचा डाग, तर थोरला मुलगा डाग काढायचं औषध घासून तो पुसतो. भूत साखळ्या वाजवत येतं, तर घरधनी साखळ्यांना लावायला तेलाची बाटली देतो. भूत बिचारं मुलीच्या रंगपेटीतून रंग चोरून डाग पुन्हा काढतं, तांबडा संपला की हिरवा! मनसोक्त हसण्यासारखं आहे हे. पण नीट बघितलं तर ही माणसं भूत नाकारत नाहीत. ते आहे हे मान्य करतात आणि उपद्रवी भाडेकरूसारखं त्याला वागवतात. तीनशे वर्षं याला झोप नाही, हा उपाशी ठेवून मारला गेला, हे त्यांच्यापैकी एकच जण विचारते : मुलगी व्हर्जिनिया. ती त्याच्याशी बोलायला बसते आणि कथेचा सूर पालटतो. म्हणजे इथे हास्याला थेट करुण भिडतो, विश्वनाथाच्या यादीतला दुसरा वैरी. मध्ये कुणी नाही. वाइल्डला ते पेलतं की नाही यावर वाद होऊ शकतो. मला शेवट जरा गोडमिट्ट वाटतो. पण त्या खिडकीजवळच्या संभाषणानंतर मागची पानं पुन्हा चाळली तर जुळ्या भावांच्या खोड्या तितक्या निरागस वाटत नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. 1993 चा महेश कोठारेंचा 'झपाटलेला'. इथे काही जण स्मित करताहेत, करा. 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटाशी त्याची कल्पना जुळते : गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण तिकडे बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो, इकडे लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या. हा बदल फक्त बेर्ड्यांसाठी केला असं म्हणून सोडून देऊ नये. तिकडे मुलाचं कुणी खरं मानत नाही कारण तो लहान आहे. इकडच्या लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद. तो जीव तोडून सांगतो की बाहुला आपलं आपण बोलतो, आणि शब्दभ्रमकारानं असं म्हणण्यासारखा दुसरा विनोद नाही! तो जितका घाबरतो तितके लोक हसतात. हा आनंदवर्धनाचा आश्रयभेद. भीती लक्ष्याच्या ठिकाणी, हसू भोवतालच्यांच्या ठिकाणी, आणि आपण प्रेक्षक दोघांच्या मधोमध, बाहुला खरंच बोलतो हे माहीत असलेले. रामदास पाध्यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू यांचं कौतुक पुष्कळ झालं; या रचनेकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे चित्रपट पाठलागात विखुरतो, ते सोडा.

अलीकडे जे बरंच दिसतं त्यात मिश्रण नसतं, आळीपाळी असते. पाच मिनिटं दचकवा, पाच मिनिटं हसवा. हसताना कुणी आपलं होत नाही, म्हणून दचकल्यावर काही गमावल्यासारखं वाटत नाही. भेळ आणि शेजारी ठेवलेलं आइस्क्रीम, एवढंच.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आलीय : "2018 चा 'स्त्री' तुमच्या कसोटीवर कुठे बसतो?" चांगला प्रश्न. गावातले पुरुष भिंतींवर 'ओ स्त्री, कल आना' लिहितात. कर्नाटकात दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', लिहायची जी आख्यायिका आहे तिच्यावरून घेतलेलं. भूत लिहिलेलं वाचतं आणि निमूट परत जातं, हा विनोद. पण हसू तिच्यावर पडत नाही. रात्री एकटं बाहेर पडू नकोस असं एरवी बायकांना सांगितलं जातं, ते इथे पुरुषांना ऐकावं लागतं. हसू त्यांच्यावर. आणि आपल्याकडची भुतं आठवा. बाळंतपणात गेलेली हडळ होते, मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेला मुंजा होतो. ज्यांचं काहीतरी द्यायचं राहिलं ती ही माणसं. त्यांना नुसतं हसून घालवणं मला पटत नाही; आणि अंधश्रद्धेच्या विरोधात आहे म्हणून ते चालेल, असंही मी म्हणणार नाही. भूत नसतं हे मला मान्य आहे. बाळंतपणात गेलेली बाई मात्र होती. 'स्त्री'नं तिच्या बाजूचं ऐकून घेतलंय, गाण्यांच्या गर्दीत का होईना.

दुसरी चिठ्ठी नारायण धारपांबद्दल आहे. त्यांच्याकडे विनोद जवळजवळ नाहीच, आणि तो नाही म्हणून त्यांचं काही अडलं का, हा प्रश्न मोठा आहे. त्याला पुढच्या वेळी पूर्ण तास देऊ.