शिष्टाचार, गैरसमज आणि सत्ता

इ. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीची चर्चा बहुधा मराबारच्या गुहांपासून सुरू होते. त्या अंधारात अडेलाला नेमके काय झाले, हा प्रश्न समीक्षकांना मोहवतो. मला मात्र अनर्थाचे मूळ गुहेत नव्हे, चहापानात दिसते.

फील्डिंगच्या घरी डॉ. अझीझ नव्याने आलेल्या इंग्रज स्त्रियांना आपल्याकडे बोलावतो. बोलावणे मनापासूनचे आहे, पण ते स्नेह दाखवण्यापुरते. निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्याला आपण कधी म्हणून विचारत नाही, तसेच हे. अडेला मात्र ते शब्दशः घेते आणि खरेच यायची तयारी दाखवते. आपले कळकट घर आठवून अझीझ गांगरतो आणि अब्रू राखण्यासाठी घराऐवजी गुहांचे आमंत्रण देऊन बसतो. पुढची सहल, आरोप आणि खटला यांची सुरुवात या सौजन्यात आहे.

त्याच भेटीतले कॉलरच्या बटणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. फील्डिंगचे बटण मोडते, तेव्हा खिशात जादा असल्याचे खोटेच सांगून अझीझ स्वतःच्या कॉलरचे काढून देतो. नंतर त्याची वर सरकलेली कॉलर आठवून दंडाधिकारी रॉनी हिंदी माणसाच्या उपजत गबाळेपणाचा निष्कर्ष काढतो. औदार्याची खूण दोषाचा पुरावा ठरते.

याला केवळ ‘सांस्कृतिक गैरसमज’ म्हणणे मला अपुरे वाटते. कादंबरीच्या आरंभी अझीझचे मित्रही इंग्रजांविषयी सरसकट बोलतात. पण त्यामुळे एकाही इंग्रजाचे काही बिघडत नाही. रॉनीचा समज मात्र न्यायासनावर बसलेला आहे. गैरसमज दोन्हीकडे असतात. तुरुंग एकाच्याच वाट्याला येतो.

फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. तिथल्या गोकुळाष्टमीच्या गोंगाटाने ते चक्रावल्याचे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) मधील त्यांच्या पत्रांतून दिसते. कादंबरीच्या अखेरच्या भागात तोच सोहळा येतो, तेव्हा मात्र त्या गोंधळालाच अर्थ लाभतो. देवासमध्ये फॉर्स्टर राज्यकर्ते नव्हते, हिंदी राजाचे नोकर होते. परकी रीत समजून घ्यायला माहितीपेक्षा ही उलटी जागाच त्यांच्या अधिक उपयोगी पडली असावी.