‘धन्यांचे हक्क आणि कर्तव्ये’ : एका प्रवचनाची चिकित्सा

गुलामगिरीचे समर्थन करणारा धर्मोपदेशक म्हटला की शास्त्राशी परिचय नसलेला, मळेवाल्यांचा भाट डोळ्यांपुढे उभा राहतो. जेम्स हेन्ली थॉर्नवेल तसे नव्हते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याचे हे प्रेस्बिटेरियन ईश्वरविज्ञानवेत्ते व्यासंगी व तर्ककठोर होते. २६ मे १८५० रोजी चार्ल्स्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी बांधलेल्या मंदिराच्या समर्पणप्रसंगी त्यांनी कलस्सै ४:१ वर केलेले प्रवचन पाळकांनी व धर्मशिक्षकांनी अभ्यासावे, असे आम्हांस वाटते. कारण त्यातील दोष अज्ञानाचा नाही.

कृष्णवर्णीय हा निराळ्याच वंशमूलाचा प्राणी आहे, हे त्या काळी विज्ञानाच्या नावाने मांडले जाणारे मत थॉर्नवेल निक्षून नाकारतात. गुलामाचे व आपले रक्त एकच, त्याच्याही ठायी देवाची प्रतिमा, हे ते मान्य करतात. मग गुलामगिरी टिकवायची कशी? तर धन्याचा हक्क मनुष्यावर नसून केवळ त्याच्या श्रमावर आहे, अशी व्याख्या करून! राज्याचा कायदा मात्र गुलामाला जंगम मालमत्ता मानीत होता, त्याचा विवाह मानीत नव्हता. आणि १८३४ पासून त्याला वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. ज्यांच्यासाठी मंदिर उभारले, त्यांना प्रवचनाचे वचन स्वतः पडताळून पाहण्याचीही मुभा नव्हती.

त्या वचनात न्यायाच्या जोडीला समता आहे. मूळ ग्रीक शब्द ‘इसोतेस’. थॉर्नवेल अर्थ लावतात तो असा : आपण गुलाम असतो तर जी वागणूक मिळण्याचा आपला हक्क आहे असे आपणांस वाटले असते, ती गुलामांना द्यावी. मेख येथेच आहे. आपण गुलाम असतो तर आधी सुटका मागितली असती, ही गोष्ट गृहीतकातच गाळली गेली आहे.

मनुष्यत्व सर्वांचे, स्वातंत्र्य मात्र ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे, हा या प्रवचनाचा गाभा होय. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, पायऱ्या उरल्या. त्याच राज्याच्या १८९५ च्या घटनेने मतदारावर लिहिता-वाचता येण्याची किंवा ३०० डॉलर्सची मालमत्ता असण्याची अट घातली. ज्यांच्या आईबापांना अक्षर निषिद्ध होते, त्यांच्याकडेच अक्षराचा दाखला मागितला गेला! साक्षरतेची अट १९६५ च्या मताधिकार कायद्याने दूर केली. मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी कोणत्या राज्यांनी केंद्राची संमती घ्यावी, हे ठरविणारे त्या कायद्यातील सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केले. हे सारे एका प्रवचनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु थॉर्नवेल यांनीच १८६१ साली दक्षिणेकडील मंडळीच्या वतीने लिहिलेल्या निवेदनात गुलामगिरीचा प्रश्न राज्यसंस्थेवर सोपविला होता, आणि त्या मौनाच्या सिद्धांताचा आधार वर्णभेदाच्या काळातही अनेक व्यासपीठांनी घेतला.

श्रोत्यांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. त्याच संप्रदायाचे चार्ल्स कॉलकॉक जोन्स जॉर्जियात गुलामांना धर्मशिक्षण देत. १८३३ साली फिलेमोनाच्या पत्रावरून त्यांनी पळून जाणे निषिद्ध ठरविताच निम्मे श्रोते उठून गेले. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी, धन्यांना खूश करण्यासाठी हा उपदेश चालला आहे, असे म्हटले. काहींनी तर असे पत्र पवित्र शास्त्रात नाहीच, असे गंभीरपणे सांगितले. ही हकीकत जोन्स यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे.