'शैतान' : मेलेल्यांना वेळ नाही

कला की बांधिलकी, हा वाद आपण इतकी वर्षे घोळवीत आलो आहोत की एखादी देखणी कलाकृती समोर आली, की आधी तिच्याकडे संशयाने पाहायचे अशी आपल्याला सवयच जडली आहे. मला हा संशय पुरेसा वाटत नाही. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या देवळांवर जे कोरीवकाम आहे, ते घडविणारे हात श्रमणाऱ्यांचेच होते. देखणेपण ही काही प्रस्थापितांची जहागीर नव्हे. तेव्हा बेजॉय नांबियार यांचा 'शैतान' (२०११) नुसता 'चकचकीत' म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. माझ्या वर्गातली मुले तो मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहतात, हेही एक कारण आहे.

कथा थोडक्यात अशी : मुंबईतील पाच पार्टीबाज तरुण. दारू, कोकेन, भरधाव हमर गाडी, आणि एका रात्री त्या गाडीखाली दुचाकीवरची दोन माणसे. प्रकरण दडपण्यासाठी एक पोलीस पंचवीस लाख मागतो. पैसा उभा करायचा म्हणून त्यांच्यातल्याच एमीच्या अपहरणाचे नाटक रचले जाते, आणि मग रक्त वाहू लागते.

या चित्रपटात खरेपणा मुळीच नाही असे नाही. न्यायाचा दर इथे कोणतीही लाज न बाळगता सांगितला जातो. या तरुणांना शेवटी धुऊन पुसून सज्जन करण्याची लबाडीही दिग्दर्शक करीत नाही. कल्की केकलांची एमी मनात राहते. छायाचित्रण आणि संकलन यांची पकड तर अशी की आपली नजर हलत नाही. हे सगळे मान्य.

पण कॅमेरा आपला वेळ कोणाला देतो, ते पाहा. दुचाकीवरची ती दोन माणसे एका क्षणात येतात आणि संपतात. ती कुठून येत होती, घरी कोण वाट पाहत होते, याची चित्रपटाला गरज वाटत नाही. ती मरतात ती केवळ कथानक सुरू व्हावे म्हणून. उलट जुनाट लॉजमधल्या गोळीबाराला दिग्दर्शक संथ गती देतो, एकेक देह फुलासारखा उलगडून दाखवतो आणि त्यावर 'खोया खोया चाँद' वाजवतो. हा प्रसंग विलक्षण सुंदर आहे, आणि मला तो अस्वस्थ करतो तो नेमका त्याच कारणाने.

ते गाणे मुळात 'काला बाजार' (१९६०) मधले. त्यातला नायक नोकरी गेलेला बस कंडक्टर. पोटासाठी तो सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार करतो. गीत शैलेंद्रांचे. दलित कुटुंबात जन्मलेला आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात राबलेला हा कवी. अर्धशतकानंतर तेच गाणे पोटाची चिंता नसलेल्यांच्या बंदुकीमागे वाजते. नव्या चालीचा झगमगाट उरला, गुन्ह्यामागची भूक मात्र गळून पडली.

दुचाकीवर मरणारी माणसे आमच्या भागाला परकी नाहीत. सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक ज्या रस्त्यांनी धावतात, त्यांवर अशी मरणे झाली आहेत. बातमी चार ओळींची. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्श गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालविणारा सतरा वर्षांचा, पार्टी करून निघालेला, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. (हा लेखही त्याहून लांब झाला आहे.) पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे नांबियार यांनी दाखविलेला दर अतिशयोक्त नव्हता. त्यांनी वास्तव पाहिले होते. फक्त गाडीच्या आतून पाहिले.

गुन्हा, रात्र आणि नशा आपल्या साहित्यालाही अपरिचित नाहीत. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) याच मुंबईच्या तळातून आला आणि त्याची शैली काही साधीसुधी नव्हती. बाबुराव बागुलांच्या १९६९ च्या कथासंग्रहाचे नावच 'मरण स्वस्त होत आहे'. तिथे शैली माणसाच्या जगण्यातून फुटते. 'शैतान'मध्ये ती जगण्यावर वरून ओतलेली आहे.

संथ गती हे तंत्र वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. नागराज मंजुळे यांनी 'सैराट'मध्ये (२०१६) तीच संथ गती मासेमार घरातल्या, विहिरीत उडी घेणाऱ्या पोराला दिली. आपल्या पोराचा देह इतका वेळ, इतक्या प्रेमाने पडद्यावर कधी कुणी न्याहाळला होता? आणि शेवटी, खुनानंतर, मंजुळे यांनी संगीत थांबविले. रक्ताने माखलेली लहानगी पावले आवाजाविना चालत जातात.

माझ्या एका विद्यार्थ्याला मी दोन्ही शेवट सांगून काय वाटते ते विचारले. तो म्हणाला, "सर, 'शैतान' पाहून गाडी चालवावीशी वाटते." त्याच्याकडे बापाची जुनी लूना आहे.