सहा आणि शून्य

लहानपणापासून जुनाट आजार असलेली मुले मोठी होतात तेव्हा त्यांना बालरोगतज्ज्ञांकडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे पाठवले जाते. बहुतेक ठिकाणी हे पाठवणे म्हणजे एक चिठ्ठी आणि एक जाडजूड फाईल. याच टप्प्यावर अनेकांचे उपचार विस्कळीत होतात, असा जगभरचा अनुभव आहे. या विषयावरील चर्चेत ऑक्सफर्डच्या पॉल हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला अहवाल वारंवार पुढे केला जातो. अहवाल मोलाचा आहेच. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष जरा तपासून घ्यावा असे आम्हांला वाटते.

अहवालातील आकडे मोजकेच आहेत. मूत्रपिंडरोपण झालेले ९ तरुण २००० ते २००६ या काळात थेट प्रौढ विभागात गेले. त्यांपैकी ६ जणांचे रोपलेले मूत्रपिंड निकामी झाले. २००६ पासून पद्धत बदलली. बालरोगतज्ज्ञ आणि प्रौढांचे डॉक्टर रुग्णाला एकत्र भेटू लागले, आणि तरुणांसाठी निराळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. २०१० पर्यंत या वाटेने १२ जण गेले. त्यांपैकी एकाचेही मूत्रपिंड गेले नाही.

'इतक्या थोड्या रुग्णांवरून काय ठरणार?' हा आक्षेप प्रथम सुचतो, पण तो टिकत नाही. अकरावी-बारावीच्या गणितातली ही गोष्ट आहे. एकूण २१ जणांतून ६ जण निवडण्याचे ५४,२६४ प्रकार आहेत. सहाही जण पहिल्या नऊंतलेच निघावेत असे प्रकार अवघे ८४. म्हणजे नुसत्या योगायोगाने असे घडण्याची शक्यता ६४६ मध्ये एक. काहीतरी बदलले हे नक्की.

मात्र काय बदलले? दोन गट एकाच काळातले नाहीत. पहिल्यांच्या आणि नंतरच्यांच्या तारखा पाहिल्या तर पहिल्या गटाला मूत्रपिंड गमावायला अधिक वर्षे मिळाली हे उघड दिसते. मधल्या काळात डॉक्टरांचा अनुभव वाढला असेल, औषधयोजनाही बदलली असेल. शिवाय कोणी कुठल्या वाटेने जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. नव्या पद्धतीने तरुण औषधे नियमित घेऊ लागले, असे लेखक म्हणतात. पण त्याचा पुरावा म्हणून पुढे ठेवतात तो मूत्रपिंडे वाचल्याचाच. ज्याचे कारण शोधायचे तेच कारणाचा पुरावा म्हणून वापरले, तर तर्क वर्तुळात फिरतो.

दुसरी अडचण वयाची. २१ वर्षांच्या आत रोपण झालेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०११ साली अमेरिकेतील नोंदींवरून प्रसिद्ध झाला. मूत्रपिंड गमावण्याचा धोका १७ ते २४ या वयात सर्वाधिक असल्याचे त्यात दिसले. तेव्हा सगळा दोष विभाग बदलण्यावर टाकता येत नाही. तो बदल नेमका वाईट वेळी होतो, एवढे म्हणता येते.

या आजारात हे वय इतके कठीण का, ते औषधांकडे पाहिल्यावर कळते. आपले शरीर रोपलेले मूत्रपिंड परके मानते. त्यावरचा हल्ला थोपवण्यासाठी टॅक्रोलिमससारखी औषधे रोज ठरल्या वेळी, जन्मभर घ्यावी लागतात. डोस चुकला तर काही दुखत नाही, उलट अंगाची थरथर वगैरे त्रास कमीच होतो. रक्तातले क्रिएटिनीन वाढलेले दिसते तोवर नुकसान बरेच झालेले असते. इतकी वर्षे गोळ्यांची आठवण आईने ठेवलेली असते. अठराव्या वर्षी मुलगा वसतिगृहात जातो. फाईल त्याच्याबरोबर जाते, आई जात नाही.

म्हणूनच, पुरावा लेखक समजतात तितका पक्का नसला तरी पद्धत योग्यच आहे, असे आमचे मत आहे. दोन डॉक्टरांनी एका खोलीत बसून मुलाशी थेट बोलायला खर्च फारसा नाही, आणि त्यातून अपाय होण्याचा संभवही कमी.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार या स्थित्यंतराची तयारी १३-१४ व्या वर्षापासून करावयाची असते. आपल्याकडील अनेक सरकारी रुग्णालयांत बालविभागाची मर्यादाच १२ वर्षांची आहे. तिकडे तयारीला आरंभ व्हावा त्या वयात आपली मधुमेहाची किंवा थॅलॅसेमियाची मुलगी मोठ्यांच्या रांगेत उभी असते, आणि डॉक्टर प्रश्न विचारतात ते तिच्या वडिलांना. आपल्या औषधाचे नाव काय, ते कशासाठी घ्यायचे, चुकले तर काय करायचे, हे सातवीतल्या मुलीला सांगता येते. आतापर्यंत ते तिला कोणी विचारले आहे का, एवढे तिच्या वर्गशिक्षकांना सहज कळू शकेल.