आलेखाखालची टीप

मुंबईच्या प्लेगवर सरकारी अहवालांचे ढीग निघाले. त्या साथीवरचं मला सर्वांत देखणं वाटणारं पान मात्र एडिंबरात लिहिलं गेलं. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा निबंध, रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मधला. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहून गेलेले, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. केरमॅकची दृष्टी १९२४ च्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेलेली.

पानावर एक आलेख आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, त्याचे ठिपके. आणि त्यांच्यातून गेलेली गणिताची रेघ. सूत्रात आकडे तीनच: ८९०, ०.२ आणि ३.४. ८९० म्हणजे रेघेच्या माथ्यावरचे आठवड्याचे मृत्यू. ३.४ ला ०.२ ने भागा, सतरावा आठवडा येतो, म्हणजे एप्रिल १९०६ चा मध्य. खरा रस त्या किरकोळ दिसणाऱ्या ०.२ मध्ये आहे. साथीचा सुरुवातीचा वेग त्यातूनच निघतो: कागदावर मांडून पाहिलं, तर मृत्यू साधारण बारा दिवसांनी दुप्पट होत होते. एवढं सगळं एका दशांशात मावतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

साथ का ओसरते, हा निबंधाचा मूळ प्रश्न. बाधा होण्याजोगे सगळे संपले म्हणून, हे सोपं उत्तर लेखक नाकारतात. अशांची दाटी एका मर्यादेखाली गेली की साथ मावळते आणि बरेचजण बाधेविना उरतात. २०२० मध्ये घराघरांत ऐकू आलेल्या 'आर नॉट'शी, म्हणजे एका रुग्णामुळे सरासरी किती जणांना बाधा होते त्या आकड्याशी, या विचाराचं जवळचं नातं आहे.

तरी मी दाद देईन ती आलेखाच्या खुलाशाला. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आपण धरलंय. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखी धरलीय. आणि यातलं काहीच तंतोतंत खरं नाही, म्हणून हे सूत्र फार ढोबळ समजा. असं लेखक स्वतःच सांगून टाकतात! स्वतःच्या सर्वांत सुंदर रेघेशेजारी इतकं रोखठोक लिहायला धाडस लागतं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बसून वाचताना उंदरांसाठी धरलेल्या त्या 'सारख्या शक्यते'पाशी थांबायला होतं; माणसांना ती कशी लावायची? यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी करणारा, घरी विड्या वळणारी आणि संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत शिरणारा, या तिघांना एकाच दिवसात भेटणारी माणसं सारखी असतील कशी? सोलापूरसाठी साथीचा वेग काढायचा तर पेठेपेठेचा वेगळा काढावा लागेल.

निबंध एका जागी मात्र उणा पडतो. मुंबईत प्लेग दर वर्षी त्याच मोसमात डोकं वर काढी आणि उन्हाळा सरता सरता ओसरे. केरमॅक-मॅकेंड्रिकच्या सूत्रात ऋतूला जागाच नाही. निकोलास बाकायर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये ऋतुमान धरून हे गणित पुन्हा मांडलं. रेघ ठिपक्यांतून सुरेख जाते, पण साथ उतरण्याचं तिने दिलेलं कारण मुंबईपुरतं अपुरं आहे.